डबीर : एका विरळ आडनावाची हकीकत

दर वर्षी नवी मुले वर्गात आली की पहिले आठ-दहा दिवस मी हजेरी क्रमांकाने न घेता नावाने घेतो. त्यात वेळ मोडतो, मुले कंटाळतात. पण मला आडनावांची गोडी आहे, आणि मास्तराची गोडी मुलांना सोसावीच लागते. कोल्हापूरच्या वर्गातली हजेरी म्हणजे ओळखीच्या गावांवरून जाणारी गाडी. चव्हाण, जाधव, कांबळे, माने अशी स्थानके भराभर मागे पडतात आणि पाटलांशी आल्यावर गाडी जी थांबते ती हलतच नाही. पाटील संपले की पोवार, शिंदे, सुतार, आणि मग फळा.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी चव्हाण संपले आणि जाधव सुरू व्हायच्या आत एक नाव आले : डबीर. मी वाचले, मुलगा उठून ‘हजर’ म्हणाला, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ‘डब्बा’ म्हटले. वर्ग हसला. मी रागावलो, हजेरी पुढे गेली. तास संपल्यावर तो मुलगा माझ्यामागे आला.

“सर, हे आता थोड्या दिवसांचं आहे. मी आडनाव बदलतोय.”

“का रे बाबा?”

त्याने जे सांगितले ते ऐकून मला हसू आले नाही. शिकायला कोल्हापुरात आल्यावर त्याने खोली शोधली. एका घरी खोली पसंत पडली, भाडे ठरले, आणि शेवटी मालकांनी नाव विचारले. नाव ऐकल्यावर ते म्हणाले, “हे कुणाचं आडनाव म्हणायचं? हिंदूचं का मुसलमानाचं?” याने सांगितले, तरी त्यांचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी खोली “पाव्हण्यांना दिली” असा निरोप आला. पुढच्या दोन घरी थोड्याफार फरकाने हेच. शिवाय दहावीच्या गुणपत्रिकेवर तो ‘डाबिर’ आहे, रहिवासाच्या दाखल्यावर ‘दबीर’ आणि शिधापत्रिकेवर ‘डबिर’. ही तिन्ही माणसे एकच, हे तो प्रत्येक खिडकीपाशी शपथेवर सांगत असतो. तेव्हा गावाच्या नावाला ‘कर’ लावून मोकळे व्हावे, राजपत्रात छापून आणावे, असे त्याने ठरवले होते. अर्जही आणून ठेवला होता.

“अर्थ माहीत आहे का तुला तुझ्या नावाचा?” मी विचारले.

“आजोबा म्हणतात, शिवाजी महाराजांच्या दरबारात होतो आम्ही. बाकी काही नाही.”

“मग पंधरा दिवस थांब. नाव काय आहे ते आधी बघू, मग टाकायचे तर टाक.”

श्रोतेहो, त्या पंधरा दिवसांत आणि नंतरही जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

डबीर हा शब्द फारसी. तिकडचा उच्चार दबीर. फारसीतला ‘द’ मराठीत कधी कधी ‘ड’ होतो. कपड्यावर पडतो तो डाग मूळचा ‘दाग’, आणि शाहिराच्या हातातला डफ मूळचा ‘दफ’. तसाच दबीराचा डबीर झाला. अर्थ लेखक, पण गोष्टी-कादंबऱ्या लिहिणारा लेखक नव्हे. राजाच्या वतीने दुसऱ्या राजांना पत्रे लिहिणारा, आलेली पत्रे वाचून त्यांतला आशय आणि त्यामागची चाल राजाला सांगणारा, असा हा अधिकारी. आजच्या भाषेत परराष्ट्र खात्याचा सचिव म्हणावा. दिल्लीच्या सुलतानांच्या काळी पत्रव्यवहाराच्या खात्याच्या प्रमुखाला ‘दबीर-इ-खास’ म्हणत. बंगालमध्ये चैतन्य महाप्रभूंचे शिष्य रूप आणि सनातन हे गोस्वामी बंधू विरक्त होण्यापूर्वी हुसेनशहाच्या चाकरीत होते. ‘दबीर खास’ ही पदवी त्यांच्याच चरित्रात येते. म्हणजे पदवी फारसी असली तरी ती धारण करणारा मुसलमानच असे, असे नाही. खोलीच्या मालकांना हे ठाऊक असते तर! असो.

बाराव्या शतकात समरकंदच्या निजामी अरूजी याने ‘चहार मकाला’ नावाचा ग्रंथ लिहिला. राजाला चार माणसांवाचून चालत नाही, असे तो म्हणतो : दबीर, कवी, ज्योतिषी आणि वैद्य. पहिला मान दबीराला. त्यात एक मोठी मौजेची गोष्ट आहे. खलिफाचा एक दबीर घरी बसून इजिप्तच्या सुभेदाराला पत्र लिहीत होता. भाषा रंगात आली होती. तेवढ्यात दासी आली आणि म्हणाली, घरात पीठ संपले. याचे चित्त असे विचलित झाले की राजकारणाच्या मजकुरातच त्याने ‘पीठ संपले’ असे लिहून टाकले आणि पत्र तसेच खलिफापुढे गेले. खलिफाला कोडे पडले. त्याने बोलावून विचारले, तेव्हा खरे काय ते कळले. खलिफा रागावला नाही. दबीराच्या घरात पुन्हा पीठ संपणार नाही अशी तजवीज त्याने केली. पगारवाढीची मागणी इतक्या सहजपणे मंजूर झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

बहमनी आणि त्यानंतर विजापूर, अहमदनगर या दरबारांबरोबर हे पद महाराष्ट्रात रुजले. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास बखर लिहिली. शहाजीराजांनी शिवाजीराजांना पुण्याला पाठवताना जी कारभारी मंडळी बरोबर दिली, त्यांत पेशवे, मजमुदार आणि सबनीस यांच्या बरोबरीने सोनोपंत डबीर यांचे नाव या बखरीत आहे. हे सोनोपंत घरातले वडीलधारे समजले जात. १६६५च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाराजांनी महाबळेश्वरी सुवर्णतुळा केली, ती दोन माणसांची : एक जिजाबाईसाहेब आणि दुसरे सोनोपंत डबीर. आईच्या बरोबरीने ज्याची तुळा व्हावी, त्याची योग्यता काय असेल ती आपणच ओळखावी.

सोनोपंतांचे चिरंजीव त्रिंबकपंत. १६६६ साली महाराज आग्र्याला गेले, तेव्हा रघुनाथपंत कोरडे आणि त्रिंबकपंत डबीर बरोबर होते. ऑगस्टात महाराज निसटले. मिठाईच्या पेटाऱ्यांची कथा आपण सारे शाळेत वाचतो. पण ही दोन माणसे मागे सापडली आणि त्यांचे फार हाल झाले, हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींवर येत नाही. पुढे ते सुटले. माझ्या विद्यार्थ्याला मी हा भाग सांगितला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतके मोठे पद, मग आडनाव एवढे विरळ का?

याचे पहिले कारण ६ जून १६७४ या दिवसात आहे. त्या दिवशी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि कारभाऱ्यांच्या फारसी नावांना संस्कृत नावे मिळाली. मजमुदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, सरनोबताचा सेनापती. आणि डबीराचा सुमंत. त्रिंबकपंतांचे चिरंजीव रामचंद्र त्रिंबक या नव्या नावाने अष्टप्रधानांत बसले. म्हणजे स्वराज्यापुरते बोलायचे तर त्या दिवसानंतर डबीर हे पदच उरले नाही. नवा डबीर होण्याची वाट बंद झाली. पुढे ज्यांना हे आडनाव लागले असेल ते आधीच्या डबीरांच्या घरात जन्मले म्हणून, नाही तर दुसऱ्या एखाद्या दरबारातून घेऊन आले म्हणून.

मात्र कागदावर नाव बदलले म्हणून लोकांच्या तोंडचे नाव बदलतेच असे नाही. पेशव्यांना मुख्यप्रधान म्हणणारे फक्त त्यांचे शिक्के. लोक पेशवेच म्हणत राहिले. सरनोबताचा सेनापती होऊन साडेतीनशे वर्षे झाली, तरी आमच्या कोल्हापूरच्या वेशीवर सरनोबतवाडी अजून आहे, आणि सरनोबत आडनावाची मंडळीही आहेत. दरबारातून गेलेले शब्द घराच्या दारावरच्या पाटीवर राहतात, ते असे.

दुसरे कारण साध्या हिशेबाचे आहे. पाटील गावाला एक. कोल्हापूर जिल्ह्यातच गावे बाराशेंच्या आसपास. शिवाय पाटिलकीच्या भाऊबंदकीत वाटण्या होतात आणि वाटणीबरोबर आडनावही वाटले जाते. या पाटलांचा रक्ताचा संबंध एकमेकांशी असेलच असे नाही. एक चव्हाणांचा, एक भोसल्यांचा, तर एक जैन समाजातला. एकच आडनाव हजार ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलेले. देशमुख परगण्याला एक, म्हणून पाटलांपेक्षा कमी. सबनीस गडाला एक, म्हणून आणखी कमी. आणि डबीर? सगळ्या दरबारात मिळून एक. जर्मनीत म्युलर हे आडनाव सर्वांत जास्त आढळते, त्याचे कारण हेच. म्युलर म्हणजे चक्कीवाला, आणि चक्की गावोगाव. श्राइबर म्हणजे लेखनिक, तेही तिथे पुष्कळ, कारण लेखनिक प्रत्येक शहराला हवाच. आपल्याकडे ते काम गावोगावी कुलकर्ण्यांनी केले. त्यामुळे श्राइबरचे भाऊबंद शोधायचे तर ते कुलकर्ण्यांत, डबीरांत नव्हे. जर्मनांनी तर २००५ सालच्या दूरध्वनी ग्राहकांच्या नोंदी घेऊन साऱ्या देशातल्या आडनावांचा नकाशासंग्रहच सिद्ध केला आहे. कोणते आडनाव कोणत्या खोऱ्यात दाट आणि कुठे तुरळक, हे नकाशावर ठिपक्यांनी दिसते. आपल्याकडच्या मतदारयाद्या घेऊन एखाद्या होतकरू मुलाने असे काम एका जिल्ह्यापुरते जरी केले, तरी मोठे उपयोगाचे होईल.

तिसरे कारण जरा गणिताचे आहे, पण ते अवघड नाही. विलायतेत फ्रान्सिस गाल्टन नावाचे शास्त्रज्ञ होते. जुनी नामांकित घराणी एकामागून एक नामशेष होताना दिसतात, हे काय गौडबंगाल आहे, असा प्रश्न त्यांनी १८७३ साली एका नियतकालिकातून विचारला. त्याला हेन्री वॉटसन या गणिती धर्मोपदेशकाने उत्तर दिले आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून निबंध लिहिला. विचार असा : आडनाव मुलाकडून चालते. कुणाला मुलगा नाही, कुणाला एक, कुणाला तीन. प्रत्येक पिढीत ही सोडत निघते. एका घरापासून सुरू झालेल्या नावावर पहिल्या चार-सहा पिढ्यांतच मोठे संकट असते. एखाद्या पिढीत सगळ्या मुलीच झाल्या की कारभार आटोपला. पण तेच नाव हजार घरांपासून सुरू झाले असेल, तर एका घरात खंड पडला तरी नऊशे नव्याण्णव घरे आहेतच. वॉटसन यांच्या गणितात एक चूक राहिली. सगळीच आडनावे शेवटी नष्ट होणार असा त्यांचा निष्कर्ष निघाला. १९३०च्या सुमारास ती चूक दुरुस्त झाली, आणि पाटलांनी काळजी करण्याचे कारण उरले नाही.

या सोडतीवर आपल्या समाजाने एक उपाय काढला होता, तो दत्तकाचा. कोल्हापूरकरांना तो सांगायला नको. गाल्टन-वॉटसन यांचा निबंध निघाला त्याच १८७४ साली कागलच्या घाटग्यांच्या घरी यशवंतराव जन्मले, १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. घाटग्यांचे भोसले झाले, राजघराण्याचे नाव पुढे चालले. साध्या घरांतही हेच होई. त्यामुळे आडनाव चालत आले म्हणून रक्तही तेच चालत आले, असे छातीठोकपणे कुणीच म्हणू नये.

आणि आडनाव तरी इतके पक्के कुठे होते? शाळेच्या दाखल्यांनी आणि जमिनीच्या नोंदींनी ते इंग्रजी अमलात पक्के केले. त्याआधी ते अंगरख्यासारखे होते; दरबारात एक, गावात दुसरे. पंत अमात्यांचे घराणे पदावरून अमात्य आणि गगनबावड्याच्या जहागिरीवरून बावडेकर. काही डबीर असेच कुठले तरी ‘कर’ होऊन गेले असतील. माझा विद्यार्थी जे करायला निघाला होता, ते त्याच्या आधी पुष्कळांनी राजपत्राशिवाय केले होते.

इथवर आल्यावर मला वाटले, संपले. पण शब्दाचा माग काढायला बसलो आणि पाय पार अशोकाच्या शिलालेखापर्यंत जाऊन पोचले. तो भाग ऐकण्यासारखा आहे.

फारसी दबीर हा जुन्या इराणी भाषेतल्या ‘दिपि’ या शब्दापासून आला. दिपि म्हणजे लेख. इराणचा सम्राट दारियस याने इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर आपला पराक्रम कोरवला, तेथे तो त्या लेखाला ‘दिपि’च म्हणतो. हा शब्दही इराण्यांचा स्वतःचा नाही. त्याचे मूळ मेसोपोटेमियात, सुमेरी भाषेतल्या ‘दुब’ या शब्दात आहे, असे विद्वान सांगतात. दुब म्हणजे मातीची पाटी. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूच्या काडीने खुणा करायच्या आणि पाटी वाळवायची, ही मानवजातीची पहिली लेखनविद्या. तिथून शब्द इराणात आला, आणि इराणातून आपल्या वायव्य सरहद्दीवर. अशोकाचे जे शिलालेख इतरत्र ‘धम्मलिपी’ म्हणून आहेत, तेच आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीच्या खडकावर ‘ध्रमदिपि’ म्हणून कोरले आहेत. दिपीचीच लिपी झाली. पाणिनी त्याच मुलखातला. त्याच्या सूत्रात ‘लिपि’ आणि ‘लिबि’ अशी दोन्ही रूपे आहेत. म्हणजे पहिलीच्या पुस्तकातली आपली लिपी आणि डबीर या आडनावाचा पहिला अर्धा भाग, ही एकाच आईची लेकरे.

त्याच शाहबाजगढीच्या लेखात ‘लिहिले’ या अर्थी ‘निपिस्त’ असा आणखी एक इराणी शब्द येतो. त्या धातूपासून पुढे फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा हा शब्द झाला, आणि आपल्याकडे त्याचा ‘नीस’ झाला. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी लिहिणारा पारसनीस, हशम म्हणजे पायदळ, त्याची नोंद ठेवणारा हसबनीस. फडणीस, पोतनीस, जमेनीस ही सगळी त्याच घरची. डबीर आणि चिटणीस यांची गाठ शिवाजी महाराजांच्या दरबारात पडली असे आपण समजतो. ती त्याआधी एकोणीसशे वर्षे एका खडकावर पडलेली होती.

गंमत आणखी आहे. हा शब्द मुसलमानी अमलाबरोबर प्रथम भारतात आला, हेही खरे नाही. गुजरातेत वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत ‘दिविरपति’ नावाचा अधिकारी आढळतो, आणि काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात लाचखाऊ दिविरांची जी टर उडवली आहे ती आजच्या कचेऱ्यांनाही लागू पडेल. दिविर म्हणजेच दबीर. फक्त आधीच्या गाडीने आलेला. दिवाण हा शब्दही याच मुळापासून निघाला असे पुष्कळ पंडित मानतात. म्हणजे दिवाणखाना आणि दिवाणी दावे हेही नात्यातलेच. आर्मेनियात शाळेला ‘दप्रोत्स’ म्हणतात, दबीरांचे ठिकाण या अर्थाने. आणि इराणात आज दबीर म्हणजे कोण, ठाऊक आहे? माध्यमिक शाळेतला शिक्षक. शाळेला तिथे ‘दबीरस्तान’ म्हणतात. हे वाचले आणि त्या मुलाविषयी माझी आपुलकी एकदम वाढली. नात्याने तो माझ्याच धंद्यातला निघाला.

लखनौचे प्रसिद्ध मर्सियाकार मिर्झा दबीर, म्हणजे सलामत अली, यांनी १९व्या शतकात हा शब्द टोपणनाव म्हणून घेतला. पण कुस्तीच्या या गावात दुसरेच नाव सांगायला हवे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ५८ किलो गटात, फ्रीस्टाइल कुस्तीत सुवर्णपदक घेणाऱ्या इराणी मल्लाचे नाव अलीरझा दबीर. मी हे वर्गात सांगितले. मागच्या बाकावरचा तो ‘डब्बा’वाला तालमीत जाणारा होता. त्याने वळून डबीरकडे नव्याच नजरेने पाहिले.

पंधरा दिवसांनी मुलगा आला. मी त्याला हे सगळे सांगितले आणि त्याबरोबर एक कटू गोष्टही सांगितली : सोनोपंतांशी तुझे नाते आहे असे तुझ्या आडनावावरून सिद्ध होत नाही. विजापूरच्या, अहमदनगरच्या दरबारातही डबीर होते. त्यासाठी घरचे कागद हवेत. सनदा, वंशावळ, काहीतरी. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, “पण सर, माझ्या घरात कुणीतरी कुणाच्या तरी दरबारात लिहीत बसला होता, एवढं तरी खरं?” मी म्हटले, एवढे बहुधा खरे.

त्याने आडनाव बदलले नाही. मात्र राजपत्राचा अर्ज वाया जाऊ दिला नाही. तिन्ही कागदांवर एकच ‘डबीर’ व्हावे म्हणून तोच दुरुस्तीसाठी भरला. तो द्यायला खिडकीपाशी गेला, तेव्हा आतल्या भाऊसाहेबांनी चष्मा वर करून विचारले, “हे कसलं आडनाव? अर्थ काय त्याचा?”

“भाऊसाहेब, अर्थ तुम्हीच,” तो म्हणाला. “कचेरीत बसून लिहितो तो डबीर.”

भाऊसाहेबांनी अर्ज घेतला, आणि ‘ड’खाली पेन्सिलने बारीक रेघ ओढून ठेवली.